रिकामं अवतरण

राजारामपुरी, आठवी गल्ली, झेरॉक्सच्या वरचा माळा.
रात्रीचे साडेदहा. खाली शेवटचं शटर ओढल्याचा आवाज,
आणि मी गुंडाप्पा व्हटकरांच्या दुकानाचं
एक बटण सजवत बसलेय.

बटणावर लिहिलंय : जोड बघा.
व्हटकर म्हणाले होते, जरा उठून दिसू दे,
पर लई नटवं नको, आमचं गिऱ्हाईक जुनं हाय.
म्हणून मी बटणाला हात लावत नाही.
त्याच्या अलीकडे एक बिफोर ठेवते,
पलीकडे एक आफ्टर.

पानाच्या मजकुरात यांची नोंद नाही.
माउसने ओढून निवडायला जाल तर निसटतील.
यांचं सगळं असणं दोन अवतरणचिन्हांत,
आणि चिन्हांच्या मधे काहीच नाही.
तेवढं काहीच-नाही लिहायला विसरलात
तर ही दोघं जन्मालाच येत नाहीत.
पहिल्या वर्षी मी दोन तास शोधत होते,
रंग बरोबर, उंची बरोबर, रुंदी बरोबर,
पडदा पांढराफटक.
काही नसणंसुद्धा
लिहून द्यावं लागतं.

मग जागा.
बटणाला रिलेटिव्ह म्हटलं नाही
तर आफ्टरला कुणी ओळखच देत नाही,
थेट पानाच्या कोपऱ्यात जाऊन चिकटतो,
चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा.
म्हटलं, की गपगुमान कुशीत.

डाव्या कडेला उभी एक रेघ, रुंदी शून्य,
बाभळीच्या सालीत मुरलेल्या कातड्याचा रंग.
तो रंग आकड्यांत धरायला मला तीन दिवस लागले.
बाण वर आला की रेघ पसरत जाते
तीनशे मिलिसेकंद,
बाण गेला की उलट्या पावली माघारी.
मी वीस वेळा नेला.
वीस वेळा आणला.
चहा गार झाला, त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सुभाषनगर.
व्हटकरांनी फोन काढला, काच तडकलेली,
अंगठ्यावर रापीचा जुना व्रण.
अंगठा टेकला. पान बदललं.
रेघ? कसली रेघ?
मी सांगत राहिले, लॅपटॉपवर दिसतं,
बाण नुसता वर नेला, की.
‘हितं बाण कुठाय मॅडम? हितं बोट हाय.’

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
रात्री साडेदहाला ते ठाऊक असणं
कुठे गेलं होतं, कोण जाणे.

पलीकडे शेवंताबाई वेणी घालत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
‘दिसत न्हाई म्हंजे बिघडलं का?’
आणि बिस्किटाच्या डब्यातून एक बी काढली,
काळी, नखाएवढी, टोकाला आकडा.
विंचवाची बी.
‘असली हिच्यात घातलीया,’ म्हणत
तयार जोडातली डावी माझ्याकडे सरकवली.
मी उलटी केली. तळ चाचपला.
कानाशी नेऊन हलवली.
गप्प.
‘अवो, घालून बघा की.’

शहाबादीवर एक पाऊल टाकलं.
कर्र.

दुकानातली सगळी हसली,
मी दुसरंही टाकलं, उगाच.
कर्र.

परत येताना केएमटीत, मांडीवर लॅपटॉप,
होव्हर तसाच राहू दिला बाणवाल्यांसाठी.
शेजारी ॲक्टिव्ह जोडलं, दाबाखालचं.
बोट टेकलं की रेघ धावेल, उचललं की निजेल.
तीनशे फार होतात, अंगठा थांबत नाही;
एकशेवीस केले.
अवतरणांच्या मधे काही घातलं नाही.
टेंबलाईच्या चढाला बस धापा टाकत असताना
वर चढवलं.

रात्री व्हटकरांचा मेसेज आला :
रेघ दिसली. झ्याक.
आवाज कवा घालताय?